ग्रीसची 'आगगाडी' आणि प्रशिक्षकाची खुर्ची: योर्गोस दोनिसची कारकीर्द कशी वाचायची

३ एप्रिल १९९६. आम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतला पहिला सामना चालू होता. एका बाजूला युरोपचा आदल्या वर्षीचा विजेता अयाक्स, दुसऱ्या बाजूला अथेन्सचा पानाथिनाइकोस. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि अजून ०-० होतं. गोलसाठी अयाक्सचे खेळाडू पुढे सरकले होते, त्यांच्या मागे अर्धं मैदान मोकळं पडलं होतं. तेवढ्यात एका ग्रीक खेळाडूला आपल्या अर्ध्यात चेंडू मिळाला. त्याने मान खाली घातली आणि तो पळत सुटला. अयाक्सच्या गोलजवळ पोचल्यावर त्याने स्वतः फटका मारला नाही. शेजारून आलेल्या पोलंडच्या वाझिखाकडे चेंडू सरकवला आणि वाझिखाने तो जाळ्यात ढकलला. पानाथिनाइकोस १-०.

पळणाऱ्या त्या खेळाडूचं नाव योर्गोस दोनिस. ग्रीसमध्ये त्याला 'त्रेनो' म्हणायचे, म्हणजे आगगाडी.

दोन आठवड्यांनी अथेन्समध्ये अयाक्सने ३-० असा हिशेब चुकता केला आणि पानाथिनाइकोसचं अंतिम फेरीचं स्वप्न तिथेच संपलं. तरी ती धाव ग्रीक चाहते अजून विसरलेले नाहीत. मला ती आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. दोनिस पुढे प्रशिक्षक झाला, आणि त्याच्या हातून जे सगळ्यात चांगलं काम झालं त्याचं बीज मला त्या धावेत दिसतं.

आधी तो मैदानावर नेमका कुठे खेळायचा ते पाहू. मधल्या फळीचा खेळाडू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मध्यभागी उभा राहून चेंडू वाटणारा माणूस येतो. दोनिस तसा नव्हता. तो मधल्या फळीत, पण कडेला खेळायचा. अशा खेळाडूला दोन कामं असतात. चेंडू समोरच्या संघाकडे असेल तर मागे येऊन आपल्या बाजूच्या बचावपटूला मदत करायची, आणि चेंडू आपल्याकडे आला की क्षणात कडेने पुढे झेप घ्यायची. या दुसऱ्या कामावर जो खेळ उभा राहतो त्याला प्रतिहल्ला म्हणतात. समोरचा संघ जितका बलवान, तितका तो पुढे चढून खेळतो, आणि जितका पुढे चढतो तितकी मोकळी जागा त्याच्या पाठीमागे पडते. दुबळ्या संघाला बलाढ्य संघाशी झुंजायचं असेल तर ही मोकळी जागा हेच त्याचं भांडवल. दोनिसचा सगळा खेळ त्या भांडवलावर चालायचा.

त्याचा जन्म १९६९ चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधला. १९६० मध्ये ग्रीस आणि पश्चिम जर्मनी यांच्यात कामगार करार झाला होता आणि त्या दशकात हजारो ग्रीक कुटुंबं रोजगारासाठी जर्मनीत गेली होती. दोनिसची ओळख मात्र ग्रीसमध्ये पानाथिनाइकोसने घडवली. या क्लबकडून त्याने १९९५ आणि १९९६ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकली. प्रशिक्षक होते अर्जेंटिनाचे हुआन रामोन रोचा. तेही पूर्वी याच क्लबच्या मधल्या फळीत खेळलेले.

१९९६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला गेला, ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे. ब्लॅकबर्नचं नाव पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांना वेगळं सांगायला नको, कारण २०१० पासून हा क्लब पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे. दोनिसच्या वेळी मालकी अर्थातच दुसऱ्यांकडे होती. वर्षभरापूर्वीच, १९९५ मध्ये, ब्लॅकबर्नने प्रीमियर लीग जिंकली होती. पण ज्या ॲलन शिअररच्या गोलांवर ती जिंकली, तो त्याच उन्हाळ्यात दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. दोनिस पोचला तो अशा ओसरत्या घरात. प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला ग्रीक खेळाडू हा मान त्याला मिळाला, पण मुक्काम एकाच हंगामाचा ठरला. त्याचा मुलगा अनास्तासिओस याच ब्लॅकबर्नमध्ये जन्मला आणि पुढे तोही व्यावसायिक फुटबॉलपटू झाला. त्यानंतर अथेन्सचा एइके, मग पुन्हा इंग्लंडमध्ये शेफिल्ड युनायटेड आणि हडर्सफील्ड असा प्रवास करून दोनिसने बूट उतरवले. ग्रीसच्या राष्ट्रीय संघाकडून तो २४ सामने खेळला.

इथवरची गोष्ट समजायला सोपी आहे. खेळाडूचं काम डोळ्यांना दिसतं. प्रशिक्षकाचं काम दिसत नाही, म्हणून त्याची कारकीर्द वाचताना आपण हमखास फसतो. दोनिसची यादी समोर ठेवली तर डझनभर क्लब, पाच देश, कुठे चार वर्षं तर कुठे चार महिने असं चित्र दिसतं. वरवर पाहणारा म्हणेल, हा माणूस कुठे टिकतच नाही. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायला हवा: त्याच्या हातात काय होतं आणि त्याने त्याचं काय केलं?

एक फरक आधी लक्षात घ्यावा लागेल. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत मॅनेजर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. संघ निवडणं, सराव, खेळाडू विकत घेणं, विकणं, सगळं त्याच्याकडे. ग्रीस, सायप्रस किंवा सौदी अरेबियात तसं नसतं. तिथे सूत्रं मालक किंवा अध्यक्षाच्या हातात असतात. प्रशिक्षकाला जे खेळाडू दिले जातात त्यांतून त्याने संघ उभा करायचा. निकाल लागले नाहीत तर वीस-पंचवीस खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, प्रशिक्षक एका दिवसात बदलता येतो. सतत बदलणारी ती यादी बऱ्याच अंशी याच व्यवस्थेची देणगी आहे.

दोनिसने सुरुवात अथेन्समधल्या इलिसियाकोस नावाच्या छोट्या क्लबपासून, खालच्या विभागातून केली. देशभर नाव असलेल्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूने गर्दी नसलेल्या मैदानांवर जाऊन उमेदवारी करणं ही साधी गोष्ट नाही. २००४ मध्ये तो लारिसाला आला. त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात सुंदर भाग इथे सुरू होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

लारिसा हे थेसालीच्या सपाट, शेतीच्या मुलखातलं शहर. ग्रीक फुटबॉल म्हणजे अथेन्स, त्याला लागून असलेलं पिरेअस बंदर आणि उत्तरेचं थेसालोनिकी. लीगचं विजेतेपद या तीन ठिकाणांच्या बाहेर फक्त एकदा गेलं आहे, १९८८ मध्ये, आणि ते लारिसाला. त्या हंगामात एका खेळाडूच्या उत्तेजक चाचणीवरून क्लबचे गुण कापले गेले, तेव्हा लारिसाची माणसं रस्त्यावर उतरली आणि त्यांनी अथेन्स आणि थेसालोनिकीला जोडणारा महामार्गच अडवून धरला. देशाचे जणू दोन तुकडे झाले. शेवटी गुण परत मिळाले आणि विजेतेपदही. राजधानीपासून दूरच्या गावाला आपला संघ म्हणजे काय वाटतो, हे या प्रसंगावरून कळतं.

पण दोनिस आला तेव्हा ते वैभव जुनं झालं होतं आणि क्लब खालच्या विभागांत घसरला होता. २००५ मध्ये त्याने लारिसाला पहिल्या विभागात परत आणलं. विभाग बदलणं म्हणजे काय, हे इथे समजून घेऊ. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये सुरुवातीची अनेक वर्षं कुठलाच संघ खालच्या विभागात जात नव्हता. युरोपात लीग ही जिन्यासारखी असते. तळाचे संघ दरवर्षी एक पायरी खाली जातात, खालचे अव्वल संघ वर येतात. वर येताना नुसती प्रतिष्ठा बदलत नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे, प्रायोजक, खेळाडूंचा दर्जा, सगळंच बदलतं. म्हणून नुकताच वर आलेला संघ पहिली एक-दोन वर्षं तग धरून राहिला तरी ते मोठं यश मानलं जातं.

लारिसा तग धरून थांबला नाही. ५ मे २००७ रोजी वोलोसच्या मैदानावर ग्रीक चषकाचा अंतिम सामना झाला आणि लारिसाने २-१ असा विजय मिळवला. समोर होता पानाथिनाइकोस, दोनिसचा स्वतःचा जुना क्लब. लारिसाच्या संघात युरो २००४ जिंकणाऱ्या ग्रीक चमूतला निकोस दाबिझास होता, इंग्लंडहून गावाकडे परतल्यासारखा आलेला अनुभवी बचावपटू. बाकी संघ तुलनेने अनोळखी नावांचा होता.

चषक जिंकल्यामुळे लारिसाला युएफा चषकाचं, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेचं, दार उघडलं. पहिल्या फेरीत सोडत निघाली आणि समोर कोण आलं? ब्लॅकबर्न रोव्हर्स. कथाकारालाही सुचणार नाही असा योग.

युरोपच्या बाद फेरीत बहुतेक वेळा दोन सामने असतात, एक आपल्या घरी, एक त्यांच्या घरी, आणि दोन्हींचे गोल एकत्र मोजतात. शिवाय तेव्हा एक जादा नियम होता: बेरीज समान झाली तर ज्याने परक्या मैदानावर जास्त गोल केले तो पुढे. (युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने हा नियम २०२१ मध्ये काढून टाकला.) लारिसाने घरचा सामना २-० जिंकला. इंग्लंडमधला सामना १-२ असा हरला. बेरीज ३-२, लारिसा पुढे. पण आकड्याच्या आतला भाग बघा. परक्या मैदानावर केलेल्या त्या एका गोलमुळे ब्लॅकबर्नला पुढे जायला चार गोलांची गरज पडली असती, कारण ३-१ झालं असतं तरी बेरीज ३-३ होऊन लारिसाच पुढे गेला असता. मागे राहायचं, संधीची वाट बघायची आणि एक अचूक धाव घ्यायची. आम्स्टरडॅमच्या त्या रात्रीचंच हे गणित होतं. फक्त आता पळणारे पाय दुसऱ्यांचे होते.

साखळी फेरीत मात्र एव्हर्टन, झेनित, न्यूर्नबर्ग आणि अल्कमार या चौघांसमोर लारिसाला एकही गुण मिळाला नाही. छोट्या संघाची हीच अडचण असते. दोन सामन्यांत हुशारीने डाव साधता येतो, पण सामने वाढत गेले की बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूंचा दर्जा उघडा पडतो.

लारिसानंतर २००८ मध्ये त्याला एइकेने बोलावलं. नोव्हेंबर येईपर्यंत त्याची खुर्ची गेलीही होती. चार वर्षांनी थेसालोनिकीच्या पाओकमध्येही तसंच झालं, हंगाम पुरा व्हायच्या आत खुर्ची गेली. हे दोन्ही क्लब १९२० च्या दशकात इस्तंबूलहून विस्थापित होऊन आलेल्या ग्रीकांनी स्थापन केलेले. चाहत्यांचं त्यांच्यावर प्रेम अफाट, आणि अपेक्षाही तशाच. माझ्या मते मोठ्या क्लबमधली त्याची अडचण नुसत्या अपेक्षांची नव्हती. मोठा संघ मैदानात उतरला की समोरचा छोटा संघ मागे जाऊन भिंत बांधतो. मोकळी जागा उरतच नाही, आगगाडीला रूळच सापडत नाहीत. बंद दार उघडायला वेगळी कला लागते, आणि ती कला संघात रुजायला वेळ लागतो. तो वेळ त्याला दोन्हीकडे मिळाला नाही.

या दोन खुर्च्यांच्या मधली वर्षं अत्रोमितोसची. अथेन्सच्या पश्चिमेकडच्या पेरिस्तेरी भागातला हा क्लब. नावाचा अर्थ 'निर्भय'. ग्रीस कर्जसंकटात होरपळत होता तो हा काळ. २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षं दोनिसने अत्रोमितोसला ग्रीक चषकाच्या अंतिम सामन्यात नेलं. दोन्ही वेळा हार झाली, आधी एइकेकडून ०-३, मग ऑलिंपियाकोसकडून जादा वेळेत १-२. विजेत्यांच्या यादीत या दोन वर्षांपुढे दोनिसचं नाव नाही. पण एका उपनगरी क्लबने दोनदा तिथवर पोचणं हे एइकेमधल्या काही महिन्यांपेक्षा किती तरी मोठं काम आहे, आणि ते ठासून सांगायला हवं.

२०१३ मध्ये तो सायप्रसला, निकोसियाच्या अपोएलकडे गेला. सायप्रसमध्ये अपोएल हाच मोठा संघ, त्यामुळे इथे बंद दारं उघडावीच लागणार होती. पहिल्याच हंगामात त्याने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. म्हणजे 'हा फक्त दुबळ्या संघांचा प्रशिक्षक' असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं, आणि मी वर केलेल्या माझ्या विधानालाही थोडी मुरड घालावी लागते. मग चॅम्पियन्स लीगची साखळी फेरी आली. गटात बार्सिलोना, पॅरिस सेंट जर्मेन आणि अयाक्स. बार्सिलोनाच्या मैदानावर अपोएल फक्त १-० ने हरला, अयाक्सला घरी १-१ असं रोखलं. २५ नोव्हेंबर २०१४ ला निकोसियात मात्र लिओनेल मेस्सीने तीन गोल केले, बार्सिलोना ४-० जिंकला, आणि स्पेनच्या राऊलचा ७१ गोलांचा चॅम्पियन्स लीग विक्रम त्या रात्री मागे पडला. समोरच्या बाकाजवळ दोनिस उभा होता. जानेवारीत अपोएलची ती नोकरी संपली.

महिन्याभरातच रियाधच्या अल-हिलालचं बोलावणं आलं. आशियातला हा सर्वांत नावाजलेल्या क्लबांपैकी एक, २०२३ मध्ये मुंबई सिटीशी खेळायला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आला होता तोच. दोनिसने इथे सव्वा वर्षात तीन चषक जिंकले. त्यातला पहिला, २०१५ चा किंग्ज कप, अंगावर काटा आणणारा आहे. शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी अल-नस्र आघाडीवर, जादा वेळही संपत आलेला, आणि अगदी शेवटच्या क्षणी अल-हिलालच्या जहफलीने डोक्याने गोल करून १-१ केलं. पेनल्टीवर अल-हिलाल ७-६ ने जिंकला. दोन महिन्यांनी सौदी सुपर कपचा सामना चक्क लंडनच्या लॉफ्टस रोडवर झाला, तोही याच अल-नस्रविरुद्ध १-० असा जिंकला. लीग मात्र हाती लागली नाही आणि आशियाई चॅम्पियन्स लीगची वाटचाल उपांत्य फेरीत दुबईच्या अल-अहलीने अडवली. २०१६ च्या उन्हाळ्यात दोनिस बाहेर.

मधल्या शारजाहवरून पटकन पुढे जाऊ. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अपोएलने त्याला परत बोलावलं आणि त्याने स्लाव्हिया प्रागला हरवून संघाला पुन्हा चॅम्पियन्स लीगमध्ये नेलं. या वेळी गटात रिआल माद्रिद, टॉटनहॅम आणि बोरुसिया डॉर्टमुंड. डॉर्टमुंडशी दोन्ही सामने १-१. गट संपला तेव्हा डॉर्टमुंड आणि अपोएल या दोघांचेही दोन-दोन गुण होते, केवळ गोलफरकावर डॉर्टमुंड तिसरा आला. डॉर्टमुंडच्या मैदानात ८० हजार माणसं मावतात. सायप्रसच्या क्लबने त्या संघाच्या बरोबरीने गुण मिळवावेत, हे कुठल्याही चषकाइतकंच मोलाचं आहे.

आणि मग २०१८, पानाथिनाइकोस. घरी परतणं, पण घर कर्जात बुडालेलं. पगार थकल्यामुळे खेळाडू निघून गेले होते. युएफाने थकबाकीमुळे क्लबवर युरोपीय स्पर्धांची बंदी घातली होती. ग्रीक लीगची सुरुवात शून्यावरून नाही, उणे सहावरून करायची होती. गुण कापणं ही शिक्षा कशी काम करते? दंड भरायला पैसे नसतात म्हणून तर थकबाकी झालेली असते, मग क्लबकडे असलेली एकच गोष्ट काढून घेतात, गुणतक्त्यातली जागा. पहिले दोन विजय मिळवून तुम्ही फक्त शून्यावर येता. बाकीचे तोपर्यंत पुढे निघून गेलेले.

खेळाडू विकत घेता येत नव्हते, तेव्हा दोनिसने क्लबच्या अकादमीकडे पाहिलं. बुझुकिस, हात्झिजोवानिस अशी कोवळी पोरं थेट मुख्य संघात आली. याच संघात त्याचा थोरला मुलगा क्रिस्तोसही मधल्या फळीत होता. पहिल्या हंगामात संघ आठवा आला. दुसऱ्या हंगामात, २०१९-२० मध्ये, चौथा. एरवी चौथा क्रमांक म्हणजे युरोपचं तिकीट. पण बंदी कायम होती, आणि क्रीट बेटाचा ओएफआय हा सहाव्या क्रमांकाचा संघ युरोपला गेला.

त्याच उन्हाळ्यात दोनिसने पानाथिनाइकोस सोडलं. मक्काबी तेल अवीवमध्ये काही महिने काढून तो सौदी अरेबियात परतला, मक्केच्या अल-वेहदाकडे, मग अल-अहसाच्या अल-फतेहकडे आणि मग पुन्हा अल-वेहदाकडे. २०२३ मध्ये सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने चार क्लबांत ७५ टक्के हिस्सा घेतला. अल-हिलाल त्यांतला एक, आणि त्यांच्याकडे नेमार आला. अल-वेहदा त्या चौघांत नव्हता. समोरच्या संघात जगातली सगळ्यात महागडी नावं, आणि दोनिसच्या फळ्यावर पुन्हा तेच चित्र: आपण मागे, ते पुढे, आणि त्यांच्या पाठीमागे मोकळं पडलेलं अर्धं मैदान.